गर्टी कोरी : साखरेच्या कोठाराची किल्ली शोधणारी विदुषी

सकाळी घाईघाईत काही न खाता शाळेत आलेला एखादा मुलगा प्रार्थनेनंतर कवायत करतो आणि मैदानावर दोन फेऱ्याही धावतो. पोटात अन्नाचा कण नसताना त्याच्या स्नायूंना ही शक्ती मिळते कोठून, असा प्रश्न, विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या मनात कधी आला आहे काय? आपल्या प्रत्येकाच्या शरीरात साखरेचे एक कोठार आहे, हे त्याचे उत्तर होय. जेवणातून मिळालेली साखर, म्हणजे ग्लुकोज, लागेल तेवढी खर्च होते आणि उरलेल्या साखरेचा काही भाग यकृतात व स्नायूंत ग्लायकोजेन या रूपाने साठून राहतो. शेतकरी सुगीचे धान्य कणगीत भरून ठेवतो व पुढे गरजेप्रमाणे काढतो, तसाच हा व्यवहार आहे.

परंतु कणगी भरलेली असून भागत नाही. ती वेळेवर उघडली पाहिजे आणि गरज संपताच बंदही झाली पाहिजे. सदैव उघडी राहिली तर साठा वाया जाईल. सदैव बंद राहिली तर भरल्या घरात उपासमार होईल. शरीरातील या कणगीचे दार कोणता पदार्थ उघडतो हे ज्यांनी शोधले, आणि त्या पदार्थाची दोन रूपे असतात हे ज्यांनी प्रथम पाहिले, त्या शास्त्रज्ञांत गर्टी कोरी यांचे नाव अग्रभागी आहे. वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या त्या जगातील पहिल्या महिला होत. पण हा मान मिळेपर्यंत त्यांच्यासमोर किती दारे बंद होती, हे पाहिले म्हणजे मन थक्क होते.

प्रागमधील बालपण

गर्टी थेरेसा रॅडनिट्झ यांचा जन्म १५ ऑगस्ट १८९६ रोजी प्राग शहरी एका ज्यू कुटुंबात झाला. ही तारीख लक्षात ठेवणे आपणा भारतीयांना अवघड जाऊ नये! प्राग त्या वेळी ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होते. आज ते चेक प्रजासत्ताकाची राजधानी आहे. गर्टीचे वडील ऑटो रॅडनिट्झ हे रसायनशास्त्रज्ञ होते. साखर शुद्ध करण्याची एक पद्धत त्यांनी शोधून काढली होती व ते साखर कारखान्यांचे व्यवस्थापक होते. साखरेचा कारखाना चालविणाऱ्या पित्याच्या मुलीने पुढे शरीरातील साखरेचा हिशोब मांडावा, हा एक सुंदर योगायोग होय.

तीन बहिणींत गर्टी थोरली. दहाव्या वर्षापर्यंत तिचे शिक्षण घरीच झाले. नंतर तिला मुलींच्या शाळेत घालण्यात आले. त्या काळी अशा शाळांतून मुलींना चारचौघांत शोभून दिसण्यापुरते शिक्षण मिळे. विद्यापीठात प्रवेश घेण्यासाठी लागणारे लॅटिन, गणित, पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्र हे विषय तेथे पुरेसे शिकविले जात नसत. मुलीला पुढे शिकावयाचे असेल, असे गृहीतच धरलेले नव्हते.

सोळाव्या वर्षी गर्टीने डॉक्टर होण्याचे ठरविले. नात्यातील एका बालरोगतज्ज्ञ प्राध्यापकांनी तिला उत्तेजन दिले आणि घरच्यांनी आडकाठी केली नाही. पण प्रवेश परीक्षेचा डोंगर समोर उभा होता. आठ वर्षांचे लॅटिन आणि पाच वर्षांचे गणित व शास्त्र तिला भरून काढावयाचे होते. एका वर्षात तिने हा सारा अभ्यास पुरा केला! १९१४ साली ती परीक्षा उत्तीर्ण झाली आणि प्रागच्या जर्मन विद्यापीठातील वैद्यकीय शाखेत दाखल झाली.

सहाध्यायी आणि जीवनसाथी

वैद्यकीय शाखेत तिची ओळख कार्ल कोरी या विद्यार्थ्याशी झाली. कार्लचा जन्मही प्रागमध्येच आणि १८९६ सालातलाच. मात्र त्याचे बालपण समुद्रकाठच्या ट्रिएस्ट शहरी गेले, कारण त्याचे वडील तेथील सागरी जीवशास्त्र केंद्राचे संचालक होते. दोघांनाही डोंगर चढण्याची आवड होती आणि दोघांनाही रोग्यांपेक्षा संशोधनाची ओढ अधिक होती. इतक्यात पहिले महायुद्ध पेटले. कार्लला ऑस्ट्रियाच्या सैन्यात भरती व्हावे लागले. युद्धानंतर दोघांनी शिक्षण पुरे केले आणि विद्यार्थिदशेतच पहिला संयुक्त शोधनिबंध लिहिला. १९२० साली दोघेही डॉक्टर झाले व त्याच वर्षी त्यांचा विवाह झाला.

युद्धात हरलेल्या देशाची स्थिती हलाखीची होती. गर्टीबाईंनी व्हिएन्नाच्या एका मुलांच्या रुग्णालयात नोकरी धरली. तेथील अन्न इतके निकस होते की जीवनसत्त्व ‘अ’च्या अभावाने त्यांना डोळ्यांचा विकार जडला. माहेरी जाऊन चांगले अन्न मिळाल्यावरच तो बरा झाला. शरीराला एखादा घटक कमी पडला की काय होते, याचा धडा त्यांना स्वतःच्या देहावर मिळाला. तिकडे ग्राझ येथे कार्लला नोकरीसाठी आपण ज्यू वंशाचे नाही, असा पुरावा द्यावा लागला होता. जेथे विद्येपेक्षा वंश पाहिला जातो, तेथे आपले भवितव्य नाही हे दोघांनी ओळखले. १९२२ साली अमेरिकेतील बफेलो शहरी कर्करोगाच्या अभ्यासासाठी असलेल्या एका सरकारी संस्थेत कार्लना जागा मिळाली. सहा महिन्यांनी गर्टीबाईही तेथे जाऊन पोहोचल्या. १९२८ साली दोघेही अमेरिकेचे नागरिक झाले.

रक्तातील साखरेची फेरी

नव्या देशातही वाट सरळ नव्हती. गर्टीबाईंना त्याच संस्थेत साहाय्यकाची जागा मिळाली खरी. पण त्यांनी आपले नेमून दिलेले काम तेवढे करावे, पतीबरोबर संशोधन करू नये, नाहीतर नोकरी जाईल, अशी तंबी त्यांना देण्यात आली. पती-पत्नींनी हे ऐकून घेतले आणि आपले काम चालूच ठेवले. हळूहळू विरोध मावळला.

त्या काळी इन्सुलिनचा शोध नुकताच लागला होता आणि शरीरातील साखरेकडे जगातील शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले होते. कोरी दांपत्याने प्राण्यांना मोजून साखर दिली आणि ती शरीरात कोठे किती जाते याचा बारकाईने हिशोब ठेवला. १९२९ साली त्यांनी आपला निष्कर्ष मांडला. जोराचे काम करताना स्नायूतील ग्लायकोजेन मोडते व त्यापासून लॅक्टिक आम्ल तयार होते. हे आम्ल रक्तावाटे यकृतात जाते. यकृत त्यापासून पुन्हा ग्लुकोज बनविते आणि ते रक्तावाटे स्नायूंकडे परत पाठविते. स्नायू ते वापरतात किंवा ग्लायकोजेन करून साठवितात. या फेरीला आज जगभर ‘कोरी चक्र’ असे म्हणतात. त्यात पती आणि पत्नी दोघांचाही वाटा आहे, हे त्या नावातच आले.

कीर्ती वाढली तसे कार्लना इतर विद्यापीठांतून बोलावणे येऊ लागले. अट मात्र एकच असे, की पत्नीने बरोबर काम करता कामा नये. एके ठिकाणी तर गर्टीबाईंना बाजूला घेऊन, तुम्ही पतीच्या उत्कर्षाच्या आड येत आहात, असे बजावण्यात आले. त्या दिवशी त्यांच्या डोळ्यांत पाणी आले असे सांगतात. कार्लनी अशी मानाची पदे नाकारली. १९३१ साली सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठाने दोघांनाही घेण्याची तयारी दाखविली. कार्ल विभागप्रमुख झाले. गर्टीबाई मात्र साध्या संशोधन साहाय्यक राहिल्या आणि त्यांचा पगार पतीच्या पगाराच्या सुमारे एक दशांश होता. शिक्षण तेच, काम तेच, शोधनिबंधावर नावही बरोबरीचे. पण पगारपत्रकावर हा फरक! पुढे तेरा वर्षे त्या याच पायरीच्या आसपास राहिल्या.

कणगीचे दार सापडले

याच उपेक्षेच्या वर्षांत त्यांच्या हातून सर्वांत मोठे काम झाले. ग्लायकोजेन म्हणजे ग्लुकोजच्या हजारो मण्यांची, ठिकठिकाणी फांद्या फुटलेली माळ होय. ही माळ मोडते कशी, हा प्रश्न होता. कोरी दांपत्याने बेडकाच्या स्नायूंचा बारीक कीस करून तो धुऊन घेतला आणि त्यात काय घडते ते पाहिले. १९३६ साली त्यांना एक नवा पदार्थ मिळाला. तो म्हणजे ज्याच्या एका विशिष्ट टोकाला फॉस्फेट जोडलेले आहे असे ग्लुकोज. माळेच्या टोकाचा मणी सुटताना त्याला फॉस्फेट चिकटते, हे यावरून कळले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांना मुलगा झाला. प्रयोगशाळा आणि पाळणा दोन्ही त्यांनी सांभाळले.

हा मणी सुटा करणारे एन्झाइम पुढे त्यांना सापडले. त्याचे नाव फॉस्फोरिलेज. एन्झाइम म्हणजे शरीरातील रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन. प्रत्येक पेशीत अशी हजारो प्रथिने आपापले काम करीत असतात आणि त्या सर्व क्रियांना मिळून आपण चयापचय म्हणतो. फॉस्फोरिलेज हाच ग्लायकोजेनच्या कणगीचा दरवान होय.

आता खरी गंमत पुढे आहे. आर्डा ग्रीन या सहकारी विदुषीच्या मदतीने त्यांनी हे एन्झाइम शुद्ध स्फटिकांच्या रूपात मिळविले. १९४३ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधांतून दिसून आले की फॉस्फोरिलेजची दोन रूपे आहेत. ‘ए’ हे रूप आपले आपण काम करते. ‘बी’ हे रूप मात्र स्वस्थ बसून राहते. ॲडेनिलिक आम्ल नावाचा एक छोटा पदार्थ मिसळल्यावरच ते कामाला लागते. शिवाय ‘ए’चे ‘बी’ करून टाकणारे आणखी एक एन्झाइमही त्यांना आढळले. प्रथिन तेच, पण एका रूपात जागे आणि दुसऱ्या रूपात झोपलेले! या दोन रूपांत नेमका फरक काय?

कोरी दांपत्याने असा तर्क केला की ‘ए’ रूपात ॲडेनिलिक आम्ल आधीच घट्ट बसलेले असावे आणि दुसरे एन्झाइम ते काढून घेत असावे. तर्क सयुक्तिक होता. परंतु ‘ए’ रूपात ते आम्ल शोधून सापडेना. तर्क चुकला होता. हे कोडे गर्टीबाईंच्या हातून सुटले नाही. मात्र दोन रूपांची त्यांची मोजमापे इतकी चोख होती की कोडे सोडविणाऱ्यांना ती जशीच्या तशी उपयोगी पडली. विद्यार्थ्यांनी येथे क्षणभर थांबावे. शास्त्रज्ञाचा अंदाज चुकू शकतो. पण निरीक्षण प्रामाणिक असेल तर चुकलेल्या अंदाजाने कामाचे मोल कमी होत नाही.

सन्मान आणि आजार एकाच वेळी

१९४७ हे साल आपल्या देशाच्या इतिहासात स्वातंत्र्याचे. गर्टीबाईंच्या आयुष्यात ते एकाच वेळी भरतीचे आणि ओहोटीचे ठरले. त्या वर्षी वयाच्या पन्नाशीत त्यांना पूर्ण प्राध्यापकपद मिळाले. त्याच वर्षी ग्लायकोजेनच्या संशोधनाबद्दल नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग कोरी दांपत्याला आणि अर्धा अर्जेंटिनाचे बर्नार्दो हुसाय यांना जाहीर झाला. परंतु त्याच उन्हाळ्यात डोंगर चढताना गर्टीबाई बेशुद्ध पडल्या होत्या. तपासणीत मायलोफायब्रोसिस हा अस्थिमज्जेचा दुर्धर आजार निघाला. या आजारात हाडांच्या पोकळीतील रक्त तयार करणारा मगज हळूहळू निकामी होतो. त्यावर त्या वेळी वारंवार रक्त देण्यापलीकडे फारसा उपाय नव्हता.

अशा स्थितीत त्या स्टॉकहोमला जाऊन पारितोषिक घेऊन आल्या आणि परत येताच प्रयोगशाळेत हजर झाल्या. पुढची दहा वर्षे त्यांनी आजाराशी झगडत काम केले. थकवा आला की पडण्यासाठी प्रयोगशाळेशेजारी एक लहानशी खाट ठेवलेली असे. अखेरच्या काळात चालवेना, तेव्हा कार्ल त्यांना उचलून एका जागेवरून दुसऱ्या जागी नेत.

याच काळात त्यांनी लहान मुलांच्या एका गूढ रोगाचा छडा लावला. काही मुलांचे यकृत ग्लायकोजेनने फुगते आणि रक्तात मात्र साखर उतरत नाही. १९५२ साली कोरी दांपत्याने दाखविले की अशा काही मुलांच्या यकृतात ग्लुकोजवरील फॉस्फेट सोडविणारे एन्झाइमच नसते. एका एन्झाइमच्या अभावाने आनुवंशिक रोग होतो, याचा यकृतातील हा पहिला प्रत्यक्ष पुरावा होता. तरुणपणी मुलांच्या रुग्णालयात काम केलेली ही डॉक्टरीण अशा रीतीने पुन्हा मुलांकडेच वळली. २६ ऑक्टोबर १९५७ रोजी वयाच्या ६१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

शिष्यांनी सोडविलेले कोडे

राहिलेले कोडे कोणी सोडविले? एडविन क्रेब्ज हे तरुण डॉक्टर १९४६ ते १९४८ अशी दोन वर्षे कोरींच्या प्रयोगशाळेत शिकले व नंतर सिॲटल येथे गेले. तेथे १९५३ साली एडमंड फिशर त्यांना येऊन मिळाले. दोघांनी फॉस्फोरिलेजचा नाद पुन्हा धरला. त्यांना एक विचित्र अनुभव आला. स्नायूंचा अर्क यंत्रात गरगर फिरवून स्वच्छ केला की ‘बी’ रूपच मिळे. कोरींच्या जुन्या पद्धतीप्रमाणे गाळण कागदातून गाळला की ‘ए’ रूप मिळे! शोधाअंती कळले की कागदातील कॅल्शियमचा अंश अर्कात उतरत होता आणि त्यामुळे ‘बी’चे ‘ए’ होण्याची क्रिया सुरू होत होती. कॅल्शियमबरोबर आणखी एक पदार्थ लागत होता. तो म्हणजे पेशीतील शक्तीचे चलन समजला जाणारा एटीपी.

१९५५ साली त्यांनी हे जाहीर केले आणि लवकरच सारे चित्र स्पष्ट झाले. एटीपीजवळ असलेल्या फॉस्फेटांपैकी एक सुटून फॉस्फोरिलेजच्या प्रथिनावर जाऊन बसते. आठशेहून अधिक अमिनो आम्लांच्या त्या लांबलचक साखळीत चौदाव्या जागी सेरीन नावाचे अमिनो आम्ल आहे. त्याच्यावर फॉस्फेट बसले की प्रथिनाची घडण किंचित बदलते आणि ते जागे होते. फॉस्फेट काढले की पुन्हा झोपते. गर्टीबाईंना सापडलेले ते दुसरे एन्झाइम ॲडेनिलिक आम्ल काढीत नव्हते. ते फॉस्फेट काढीत होते. कणगीची किल्ली म्हणजे हे इवलेसे फॉस्फेट.

मग पुढचे दुवे जुळत गेले. रस्त्यात कुत्रा अंगावर धावून आला की ॲड्रेनॅलिन हे संप्रेरक रक्तात येते. कोरींच्याच प्रयोगशाळेत शिकलेल्या अर्ल सदरलँड यांनी दाखविले की हे संप्रेरक आपला निरोप पेशीच्या आत चक्रीय एएमपी नावाच्या निरोप्याकरवी पोहोचविते. निरोप मिळताच फॉस्फेट जोडणारी एन्झाइमे कामाला लागतात, फॉस्फोरिलेज जागे होते, ग्लायकोजेन मोडू लागते आणि पाय पळण्यास सज्ज होतात. त्याच वेळी ग्लायकोजेन तयार करणाऱ्या एन्झाइमवरही फॉस्फेट बसते. पण त्यामुळे ते बंद पडते, हे कोरींचेच शिष्य जोसेफ लार्नर यांच्या संशोधनातून १९६० च्या दशकात कळले. एका बाजूने धान्य काढीत असताना दुसऱ्या बाजूने कणगीत भरत बसण्याचा वेडेपणा शरीर करीत नाही. संकट टळले की फॉस्फेट काढून घेणारी एन्झाइमे दोन्ही दारे पूर्वीसारखी करतात. या कामासाठी नवे प्रथिन बनवावे लागत नाही. आहे त्याच प्रथिनात छोटासा बदल, आणि तोही परत फिरविता येणारा. म्हणूनच हे सारे इतक्या त्वरेने घडते.

ही युक्ती केवळ साखरेपुरती नाही. मानवी शरीरात प्रथिनांवर फॉस्फेट बसविणारी पाचशेहून अधिक एन्झाइमे आहेत आणि पेशीची वाढ, विभागणी, स्मरण अशा कितीतरी गोष्टी त्यांच्यावर अवलंबून आहेत. फॉस्फेटप्रमाणे इतरही लहानमोठे गट प्रथिनांना जोडले जातात व त्यांचे काम बदलतात. सदरलँड यांना १९७१ साली आणि क्रेब्ज व फिशर यांना १९९२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. कोरींच्या प्रयोगशाळेत काम करून गेलेल्या सहा जणांनी पुढे हा मान मिळविला.

आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. २००५ साली असे आढळले की मायलोफायब्रोसिसच्या सुमारे निम्म्या रुग्णांत फॉस्फेट जोडणारे एक एन्झाइम बिघडलेले असते. ते बंद होतच नाही. सारखे चालू राहते. त्याला आवर घालणारे औषध २०११ साली अमेरिकेत मान्य झाले. ते रोग समूळ बरा करीत नाही, पण रुग्णाचा त्रास पुष्कळ हलका करते. ज्या जातीच्या आजाराने गर्टीबाईंना नेले, त्यावरचे औषध त्यांनीच दाखविलेल्या वाटेवर, त्यांच्या मृत्यूनंतर चौपन्न वर्षांनी सापडले.

आपण काय घ्यावे

विद्यार्थी मित्रांनो, आठ वर्षांचा अभ्यास एका वर्षात भरून काढणारी ती सोळा वर्षांची मुलगी डोळ्यांसमोर आणा. अमुक विषय आपल्या शाळेत नीट शिकविला गेला नाही, ही तक्रार तिलाही करता आली असती. ती खरीही होती. पण तिने तक्रारीत वेळ घालविला नाही.

आणि पालक बंधुभगिनींनो, आपणासही एक विनंती. मुलीला शाळेत घातले म्हणजे आपले काम संपले असे नाही. ती गणित आणि शास्त्राच्या तासाला बसते की नाही, तिला तिच्या भावाइतकाच अभ्यासाला वेळ मिळतो की नाही, हेही पाहावयास हवे. गर्टीच्या शाळेने तिला पुरेसे विषय दिले नव्हते. घरच्यांनी तिला एक वर्ष दिले, मन मोडले नाही, आणि तेवढ्याने जगाला एक शास्त्रज्ञ मिळाली. फॉस्फेटचा एक कण आकाराने केवढा! पण तो योग्य जागी बसला की झोपलेले प्रथिन जागे होते. घरातून मिळालेल्या उत्तेजनाचे मुलीच्या आयुष्यातील स्थानही तसेच आहे.